विलायतेला निघालेलं झाड

१

कुंडी जागेवर होती. झाड नव्हतं.

शेडमध्ये फळ्याफळ्यांचं ते हवेशीर खोकं उघडं पडलं होतं. आत निळसर चिनी कुंडी काथ्याच्या दोऱ्यांनी आवळून बसवलेली होती आणि तिच्यात नुसती माती होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते शिंपाकूचं झाड गायब! तीनशे वर्षांचं, कुंडीत खुजं राखलेलं म्हातारं झाड ते. कड्यावरच्या वाऱ्याने पिळवटलेलं, अर्धं अंग हाडासारखं पांढरं आणि उरलेल्या अर्ध्यात हिरवागार जीव.

"मालक! ओ मालक! झाड गेलं!" आमचे माळी तोमेझोकाका ओरडले आणि आवारातले सगळे हातोडे एकदम थांबले.

विलायतेची आगबोट दुपारच्या भरतीला योकोहामातून सुटणार होती. बाकीची खोकी ठोकून तयार होती. हे एकच उघडं ठेवलं होतं, निघताना शेवटचं पाणी द्यायचं म्हणून. मी हिराबारा बागेतली दुभाषी, सुमी काजितानी. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि झाडांच्या धंद्यात येऊन पडले. मागच्या खेपेला आमची सगळी झाडं तांबड्या समुद्राच्या उकाड्यात वाळून कोळ झाली होती आणि लंडनमध्ये आमचं नाव घेतलं की लोक हसायला लागले होते. हे एक झाड धडधाकट पोचलं तर बाग तरणार होती. नाहीतर गाशा गुंडाळायचा, हे मालकांपासून माळ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

मालक हिराबारा अनवाणीच धावत आले. रिकाम्या कुंडीकडे बघून त्यांनी मटकन खाली बसकण मारली.

"आत कोण कोण आलं होतं?" मी विचारलं.

"पहाटे मी पाणी दिलं, तेव्हा झाड होतं," तोमेझोकाका म्हणाले. "तेव्हापासून मी दारात पेंढा भिजवत बसलोय. तिघंच आत गेले. मालक गेले, ड्रेवेटसाहेब गेले, आणि झाडाचे आधीचे धनी ताकिगावासाहेब निरोप घ्यायला गेले. तिघंही एकेकटे गेले आणि मोकळ्या हातांनी बाहेर आले. मी बघितलंय की!"

शेडला दार एकच. खिडक्यांना इतक्या जवळजवळ पट्ट्या की चहाचा पेलासुद्धा बाहेर काढता येणार नाही. आणि झाड तर दोन्ही हातांनी कवेत घ्यावं लागायचं.

नाक्यावरचा शिपाई एव्हाना आला होता. तो तोमेझोकाकांकडे टक लावून बघत राहिला. "तिघं मोकळ्या हातांनी गेले म्हणतोस. मग उरलं कोण रे? गेल्या आठवड्यात दारूच्या गुत्त्यात कोण बरळत होतं, गोऱ्याच्या दिवाणखान्यात धुरात मरण्यापेक्षा मीच ते झाड जाळून टाकेन म्हणून?"

आणि त्याने कमरेची दोरी सोडली.

२

"दोरी राहू दे. आधी मला बसायला काहीतरी दे."

दारातून आलेला माणूस म्हणजे बंदराचे फौजदार उझावा. त्यांचा एक गाल पपनसासारखा सुजला होता आणि हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधलं होतं.

"दाढ," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "काल वैद्याने उपटली. तोंड उघडलं की ब्रह्मांड आठवतं, तेव्हा मी कमी बोलणार आणि तुम्ही सगळे जास्त बोलणार. आवाराचं फाटक लावून घ्या. कोणी बाहेर जायचं नाही."

"पण बोट!" मालक कळवळले.

"बोट सुटायच्या आत सांगतो."

मला वाटलं, काय हा आत्मविश्वास! ते खोक्यापाशी उकिडवे बसले. कुंडीवर टिचकी मारली. "हे भांडं कसलं?"

"चीनमधलं आहे. खूप जुनं," मी म्हणाले. "जाणकार माणूस आधी कुंडी उचलेल आणि मग झाड."

"चोराने मात्र ठेवली. बरं." त्यांनी मातीत बोट घातलं आणि तिथेच थबकले. मग मला जवळ बोलावलं. "सुमीबाई, हे बघा. काय दिसतंय?"

मातीवर शेवाळाचा गालिचा होता तसाच होता, फक्त मध्ये तो फाटला होता. तिथे एक खड्डा होता, माझी मूठ जेमतेम बसेल एवढा. बाजूची माती भुसभुशीत होती, पण जागची हललीही नव्हती.

"खड्डा दिसतोय," मी म्हणाले.

"माझी दाढ निघाली तेव्हा वैद्याने गुडघा माझ्या छातीवर रोवला होता. मुळाबरोबर हिरडीचा तुकडाही आला. आणि माझ्या भाचीचा दुधाचा दात परवा भात खाताना पडला, तिला पत्ताही नाही." त्यांनी सुजलेल्या गालावर हात धरला. "पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत राहिलेल्या झाडाची मुळं कशी असतात हो?"

मी शेकडो जुनी झाडं कुंडीतून काढताना पाहिली होती. मुळं चटईसारखी विणलेली असतात. ओढलं तर कुंडीच्या आकाराचा अख्खा गोळा वर येतो आणि कुंडीत चिमूटभर मातीही उरत नाही.

"फौजदारसाहेब," मी हळूच म्हणाले, "इथून जे उपटलं, ते..."

"आत्ता नको," ते म्हणाले. "आधी तिघांना भेटू."

३

मालक बोलायला लागले ते हात जोडूनच.

"मी माझंच झाड कशाला चोरू? हां, अमेरिकेतल्या एका माणसाने ते मागितलं होतं, खोटं कशाला बोलू! पण मी शब्द ड्रेवेटसाहेबांना दिलेला. आत गेलो ते त्याला हात जोडायला. म्हटलं, बाबा रे, जिवंत पोच."

"तुम्ही झाड पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"दोन वसंत झाले. होदोगायाला ताकिगावांच्या घरी. तिथेच सौदा ठरला. पण प्रत्यक्ष हातात यायला हे बघा, आत्ता दिवस उजाडला. आज मुहूर्त नाही, उद्या थंडी आहे, परवा झाड रुसलंय, असं करत करत त्यांनी ते ह्या आठवड्यात पाठवलं. वर तंबी दिली, शेवाळ हलवू नका, मुळं उघडी करू नका. घराण्याचं झाड, माणूस हळवा होणारच."

"हां, आल्यापासून थोडं परकंच वाटत होतं खरं," तोमेझोकाका मध्येच म्हणाले. "मला वाटलं, प्रवासाने शिणलं असेल."

ड्रेवेट हा लंडनच्या गिऱ्हाइकाचा माणूस. उंच, लालबुंद आणि भयंकर चिडलेला. त्याचं म्हणणं मी फौजदारांना सांगत गेले.

"तो म्हणतो, मी आत जाऊन खोक्यावरची चिठ्ठी तपासली आणि बाहेर आलो. म्हणतो, लंडनला केवढी तयारी झाली आहे! हे झाड खरंच तीनशे वर्षांचं आहे हे तिथले प्राध्यापक सिद्ध करणार आहेत. खोडात पोलादाची बारीक नळी घालायची, काडीएवढं लाकूड बाहेर काढायचं आणि त्यातली वर्तुळं मोजायची. कालच्या जेवणात मी हे सांगितलं नव्हतं का, असं मला विचारतोय."

"सांगितलं होतं?"

"इंग्रजीत सांगितलं होतं," मी म्हणाले. "पण तेवढ्यात शामिसेनच्या तारा वाजायला लागल्या, ताकिगावासाहेबांच्या मांडीवर सूपाचा वाडगा सांडला, हसाहशी झाली आणि ते भाषांतर करायचं राहूनच गेलं."

फौजदारांनी मान हलवली. दाढेमुळे की आणखी कशामुळे, कळलं नाही.

ताकिगावा सादामोतो आवारात भर उन्हात उभे होते. जुन्या सामुराई घराण्यातला हा पन्नाशीचा गृहस्थ. पाठ ताठ, अंगावर घराण्याची मुद्रा असलेला काळा हाओरी अंगरखा, काखेत कागदी छत्री. कपाळावरून घाम ओघळून भुवयांत मुरत होता.

"सात पिढ्या आम्ही ते झाड सांभाळलं," ते म्हणाले. "विकलं, कारण घराचं छप्पर पडायला आलं होतं. आज निरोप घ्यायला आलो, तर मला चोरांच्या रांगेत उभं केलंत."

"छे छे, असं कसं म्हणता!" फौजदार म्हणाले. "ह्या ड्रेवेटसाहेबाशी आपलं कधी थेट बोलणं झालं?"

"त्या लोकांची भाषा मी जिभेवर घेत नाही," ताकिगावा ताडकन म्हणाले. "ती कानावर पडली तरी मला कळत नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा आहे."

"सावलीत तरी या, साहेब."

"मी इथेच बरा आहे."

शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला. बोट सुटायला फार वेळ उरला नव्हता. शिपाई तोमेझोकाकांच्या मागे पुन्हा दोरी चाळवत उभा राहिला, आणि काकांनी आपणहून दोन्ही हात पुढे केले.

"बांधा," ते म्हणाले. "दारात मीच होतो. दुसरं कोण असणार?"

४

फौजदारांना त्या क्षणी दाढेची असह्य कळ आली. गाल दाबून ते शेडमधल्या चुलीपाशी टेकले.

"सुमीबाई, तेवढं मिठाचं गरम पाणी करून द्या हो. बाकीचं जग थांबू दे."

मला त्यांचा राग आला होता. एक निरपराध माणूस हात पुढे करून उभा आहे आणि ह्यांना गुळण्या सुचताहेत! मी तणतणत आधण ठेवलं. चूल विझत आली होती. भिंतीशी जळणाचा ढीग होता, किनाऱ्यावर वाहून आलेली पांढरी लाकडं, खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे, शेजारी कुऱ्हाड. हात घातला आणि एक पांढरा ओंडका ओढून काढला.

आधी वास आला. देवळात उदबत्ती लावल्यावर येतो तसा.

मी ओंडका उजेडात धरला. कुऱ्हाडीचा ताजा घाव घालून त्याचे दोन तुकडे केलेले होते. एका बाजूने वाऱ्यापावसाने झिजलेलं, पिळवटलेलं, हाडासारखं गुळगुळीत लाकूड. ह्या वळणांकडे मी हा आठवडाभर रोज बघत होते! दुसऱ्या बाजूला, जी कायम खोक्याच्या मागच्या फळ्यांकडे असायची, तिथे वरपासून खालपर्यंत छिन्नीने कोरलेली एक पन्हळ होती. पन्हळीच्या कडेला तांब्याचा खिळा अजून तसाच होता.

"फौजदारसाहेब!" माझा आवाज इतका चढला की बाहेर सगळे दचकले.

त्यांनी ओंडका हातात घेऊन पन्हळीतून बोट फिरवलं. त्यांच्या सुजलेल्या तोंडावर हसू उमटलं आणि लगेच कळ आल्याने विरलं.

"तानुकी," ते म्हणाले.

माणसाचं सोंग घेऊन वाटसरूंना चकवणारा आमच्याकडचा तो लबाड रानप्राणी. धंद्यात त्याच नावाची एक लबाडी चालते. मेलेल्या जुन्या खोडात पन्हळ कोरायची, तिच्यात कोवळं झाड बसवून खिळ्यांनी पक्कं करायचं आणि जोड शेवाळाने झाकायचा. झालं तीनशे वर्षांचं झाड तयार!

"म्हणजे दारातून झाड गेलंच नाही," मी म्हणाले. "ते दोन तुकड्यांत गेलं. खोड गेलं जळणात. आवारात एवढे हातोडे चालू होते, कुऱ्हाडीचा एक घाव कोणाला ऐकू येणार? आणि कोवळं झाड..."

"ते अजून ह्या फाटकाच्या आतच आहे," फौजदार उठले. "चला. आणि सुमीबाई, मी सांगेन ते वाक्य साहेबाला इंग्रजीत सांगायचं. चेहरा अगदी कोरा ठेवायचा. जमेल?"

त्यांनी माझ्या कानात वाक्य सांगितलं.

५

फौजदारांनी सगळ्यांना आवारात गोलाकार उभं केलं.

"झाड चोरीला गेलेलं नाही," ते म्हणाले. "ते मोडलं गेलं. कारण ते खोटं होतं, आणि लंडनला नळी खोडात शिरली असती, तर एका दिवसात पितळ उघडं पडलं असतं. आता प्रश्न एवढाच की नळीची गोष्ट कोणाला ठाऊक होती? काल ती फक्त इंग्रजीत बोलली गेली. ड्रेवेटसाहेबांना ठाऊक होती, पण झाड खोटं आहे हे माहीत असतं तर त्यांनी प्राध्यापक कशाला गोळा केले असते? मालकांचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'पाशी संपतं, तेही ते संध्याकाळी म्हणतात."

मालकांनी एवढ्या घोरातही मान खाली घातली.

"तोमेझोला इंग्रजीचा गंध नाही. शिवाय एकट्यानेच पहारा करणारा माणूस आपल्याच पहाऱ्यात हे का करेल? सुमीबाईंना ठाऊक होती, पण त्या आज सकाळी शेडमध्ये गेल्याच नव्हत्या." ते माझ्याकडे वळले. "बाई, साहेबांना जरा समजावून सांगता का?"

मी ड्रेवेटकडे वळले आणि अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात अशा सुरात इंग्रजीत म्हणाले, "जागचे हलू नका, ताकिगावासाहेबांच्या मानेवर भलीमोठी गांधीलमाशी बसली आहे."

फट्! ताकिगावांचा हात स्वतःच्या मानेवर बसला.

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग कळलं. आणि तेवढ्यात त्यांच्या काखेतली छत्री खाली पडली.

"एवढ्या उन्हात घामाघूम झालात," फौजदार हळुवार आवाजात म्हणाले, "पण छत्री उघडली नाहीत."

तोमेझोकाकांनी छत्री उचलून उघडली. आतून एक लवचीक, हिरवं, कोवळं शिंपाकू बाहेर पडलं. त्याच्या मुळांना ओला रुमाल नीट गुंडाळलेला होता. सगळा पुरावा नष्ट करायला निघालेल्या ह्या माणसाला तेवढं रोपटं मारवलं नव्हतं.

ताकिगावा मातीतच गुडघ्यांवर बसले.

"कोबेला एका इंग्रज पेढीत बारा वर्षं कारकुनी केली," ते म्हणाले. "सामुराईच्या मुलाने! कोणाला कळू दिलं नाही. आणि झाड... सौदा केला त्या दिवशी मला द्यायचंच होतं हो. पण घरी आईकडे बघितलं. ती रोज सकाळी उठून आधी झाडाला पाणी घालते, मग देवाला. झाड गेलं तर ती आठवडाभर जगणार नाही. म्हणून मी हिवाळाभर ते खोड कोरत बसलो."

"म्हणजे खरं झाड...?" मालकांनी विचारलं.

"घरी आहे. जिवंत आहे."

ड्रेवेटने खिशातलं घड्याळ काढलं. मी त्याला एका दमात सगळं सांगितलं. तो सरळ फाटकाकडे धावत सुटला, आणि त्याच्यामागे आम्ही सगळे!

६

होदोगायाच्या रस्त्यावर पाच रिक्षा एकामागोमाग उधळल्या. ओढणाऱ्यांना मालकांनी काय कबूल केलं कोण जाणे, पण ते "होय्! होय्!" करत असे पळत होते की भाजीवाल्यांच्या टोपल्या उलटल्या आणि कुत्री गावाच्या वेशीपर्यंत मागे लागली. माझ्या पुढच्या रिक्षात फौजदार दोन्ही हातांनी गाल धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांची किंकाळी मला ऐकू येत होती.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. झाड आमचं, सौदा झालेला, सगळं खरं. पण एका ऐंशीच्या म्हातारीच्या हातून ते हिसकावून घ्यायचं, आणि ते तिला तोंडाने सांगायचं कोणी? मीच. दुसरं कोण!

घराचं छप्पर नवं होतं. मागच्या अंगणात लाकडी चौरंगावर ते झाड होतं, आणि बघताक्षणी माझे डोळे भरून आले. खोट्याला आम्ही आठवडाभर कसे भुललो? ह्याच्या पांढऱ्या खोडावरून जिवंत सालीची एकच पट्टी नदीसारखी वळणं घेत वर गेली होती. तोमेझोकाकांनी तर जमिनीला डोकंच टेकवलं.

शेजारी पाण्याचं भांडं घेऊन एक ठेंगणी म्हातारी उभी होती. ओ-इसो, ताकिगावांची आई.

ताकिगावांनी आईच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. म्हातारी ऐकत होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग आता मी बोलू? गाढवा, हिवाळाभर मागच्या खोलीत ठाकठूक करत होतास, मला वाटलं, माझ्यासाठी पेटी करतोयस मरणाची!"

"आई..."

"सतराव्या वर्षी ह्या घरात आले. तेव्हापासून हे झाड माझ्या मानेवर! उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी, वारा सुटला की घरात, पाऊस आला की बाहेर. बहिणीच्या लग्नाला दोन रात्री राहायला मिळालं नाही. कामाकुराचा मोठा बुद्ध इथून हाकेच्या अंतरावर, तो मी अजून पाहिलेला नाही. का? तर सासरच्या झाडाला पाणी कोण घालणार! आणि तू म्हणतोस, झाड गेलं तर मी मरेन? अरे, झाड तुला सोडवत नव्हतं. माझं नाव कशाला पुढे करतोस?"

फौजदारांना हसू आवरेना आणि हसणं सोसवेना. मी हे सगळं ड्रेवेटला सांगितलं, तसं त्याने डोक्यावरची हॅट काढून म्हातारीला कमरेतून वाकून नमस्कार केला.

"हा लाल माणूस नेणार का ह्याला?" म्हातारीने विचारलं. "ह्याला विचार पोरी, वाटेत पाणी कोण घालणार?"

तिने नेमकं दुखणं धरलं होतं. मागची सगळी झाडं ह्याच कारणाने मेली होती. खलाशी विसरायचे, नाहीतर खारं पाणी ओतायचे.

मालक हिराबारा खाकरले. त्यांनी ताकिगावांकडे बघितलं, मग फौजदारांकडे. "फौजदारसाहेब, मी तक्रार नाही दिली तर?"

"तर माझ्यासमोर गुन्हाच घडलेला नाही. एक लाकूड फुटलं, बस्स."

"मग ताकिगावासाहेब, तुम्ही जा. झाडाची नसन्‌नस तुम्हाला माहीत. खलाशांशी इंग्रजीत भांडता येईल. लंडनच्या गोऱ्या माळ्यांना शिकवता येईल. झाड जिवंत पोचवा, आपला हिशेब मिटला."

"त्या लोकांच्या देशात? मी?" ताकिगावा पुटपुटले.

"जा!" म्हातारीने भांडं खाली आदळलं. "पायताण घाल आणि नीघ!"

धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी काढायची घाई चालली होती. खोकं ठोकायला वेळच नव्हता. ताकिगावा ते झाड छातीशी धरून, घराण्याची मुद्रा असलेल्या हाओरीत, हमालांच्या गर्दीतून "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" असं खणखणीत इंग्रजीत ओरडत शिडी चढले. गोरे खलाशी चकित होऊन दोन्हीकडे सरकले. मालक धक्क्यावर उड्या मारत होते. तोमेझोकाका रडत होते, शिपायाच्या खांद्यावर डोकं टेकून.

भोंगा झाला. बोट हलली. कठड्यापाशी ताकिगावांचा काळा हाओरी आणि त्याच्यावरून डोकावणारं ते हिरवं डोकं बराच वेळ दिसत राहिलं.

ओ-इसोबाई हट्टाने आमच्याबरोबर आल्या होत्या. बोट बंदराबाहेर वळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ह्यांचा बांध फुटणार, म्हणून मी त्यांचा हात धरला.

"गेली ना बोट?" त्यांनी विचारलं.

"गेली, आजी."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून बघितले, उलटे केले, सुलटे केले. मग किमोनोच्या बाह्या सावरल्या.

"पोरी, इथे भाजलेला वाम मासा चांगला कुठे मिळतो? आणि कामाकुराची गाडी उद्या किती वाजता आहे, तेही विचारून ठेव. मी तिथे चार रात्री राहणार आहे."